दीड हात ओल

३ सप्टेंबर

नवी वही सुरू केली. जुनीत अजून चाळीस पानं कोरी आहेत, पण आजची गोष्ट पहिल्या पानावर लिहावीशी वाटली.

साहेबांनी केबिनमध्ये बोलावून पुस्तिकेचं कव्हर दाखवलं. ‘पड जमिनीतील ओल : नऊ वर्षांची मोजणी’. खाली साहेबांचं नाव, त्याखाली माझं, तेवढ्याच मोठ्या अक्षरात. पट्टी लावून पाहिलं नाही, पण तेवढीच आहेत. सव्वीस वर्षं मी या संशोधन केंद्रात क्षेत्र सहायक म्हणून ओल मोजतोय. आजवर हजेरीपट आणि रजेचा अर्ज सोडून माझं नाव कुठे आलं नव्हतं.

"श्रेय ज्याचं त्याला मिळालंच पाहिजे," साहेब म्हणाले. "सोळा ऑक्टोबरला प्रकाशन. तुम्ही माझ्या शेजारी बसायचं."

घरी येऊन बायकोला सांगितलं. ती म्हणाली, "मोठे लेखक झालात, आता चहात साखर तरी चमचा सपाट न करता घाला." पण जेवताना तिने दोनदा विचारलं, अक्षरं केवढी आहेत म्हणून. कार्यालयात मला मिलिमीटर म्हणतात. ते नाव घरात तिनेच आणलं.

पुढेमागे कोणी ही वही वाचली तर नोंद पूर्ण हवी, म्हणून लिहून ठेवतो. केंद्राच्या बारा वाफ्यांत दरवर्षी गहू असतो. दुसऱ्या बारांत एक वर्ष गहू, एक वर्ष पड. पड ठेवलेल्या जमिनीत वर्षभराचं पावसाचं पाणी मुरून राहतं आणि पुढच्या गव्हाला मिळतं. किती राहतं, तर पेरणीच्या वेळी शेजारच्या वाफ्यापेक्षा ऐंशी मिलिमीटर जास्त. हे ऐंशी मी मोजलेले आहेत. त्यावरून केंद्राने सगळ्या कोरडवाहू शेतकऱ्यांना सांगितलं की निम्मी जमीन पड ठेवा. पहिलं ऐकलं ते माझ्या थोरल्या भावाने.

४ सप्टेंबर

ओल मोजायच्या नळ्या वाफ्यांत बसवल्याची नऊ वर्षांपूर्वीची नोंदवही साहेबांनी कपाटातून काढली होती. तेव्हा मी फक्त शेवटच्या पानावर सही केली होती. आज त्यांनी प्रत्येक पानावर घेतली, चोवीस सह्या. मागची तारीख घालू का विचारलं तर म्हणाले, "घाला, घाला. तेव्हाचीच नोंद आहे ना." इतका मोठा माणूस, पण कागदपत्रांच्या बाबतीत किती काटेकोर. मला अशी माणसं आवडतात.

८ सप्टेंबर

केंद्राच्या फोटोवाल्याला घेऊन दादाच्या शेतावर गेलो. पुस्तिकेत एक पान दादाचं आहे. आठ वर्षं न चुकता निम्मं शेत पड ठेवणारा शेतकरी. प्रकाशनाला त्याचा सत्कार पण आहे.

फोटोवाला म्हणाला, हातात काहीतरी धरा. दादाने दाराआडची सळई आणली. वडिलांची आहे, टोकाला लोखंडी मणी आणि वर आडवी मूठ. जमिनीत दाबायची. ओल असेल तिथवर सरळ जाते, कोरडं लागलं की थांबते. मग हाताने मोजायचं, हातभर ओल, दीड हात ओल. मी म्हटलं, "दादा, ही भंगारात घाल आता. भाऊ मिलिमीटरमध्ये मोजतोय आणि तू हात लावत बसलायस." फोटोवाला हसला. दादाही हसला आणि सळई परत दाराआड ठेवून आला. फोटो रिकाम्या हातांचाच निघाला.

पुतण्या शहरात कामाला जायचं म्हणतोय. अठ्ठावीस वर्षांचा आहे, शेतीत हुशार आहे, बायको आहे, वर्षाची मुलगी आहे. मी त्याला समजावलं की शेतीत धीर लागतो. तो म्हणाला, "काका, निम्म्या शेतात दोन चुली पेटत नाहीत." मी म्हटलं, "पण निम्म्यात दुप्पट पिकतं." त्यावर तो मुलीला उचलून आत गेला. आजकालच्या पोरांना मोठ्यांशी दोन शब्द धड बोलायला नको.

निघताना वहिनीने गव्हाचं पोतं गाडीत ठेवलं. पोतं म्हणजे अर्धंच. पूर्वी दोन भरलेली द्यायची. वहिनी हल्ली हात आखडता घेते. बायकोला म्हटलं तसं, तर ती बराच वेळ माझ्याकडे बघत राहिली आणि मग गहू पाखडायला बसली.

११ सप्टेंबर

पेटी बिघडली. नळी म्हणजे जमिनीत उभी पुरलेली ॲल्युमिनियमची, तिच्या तोंडावर पेटी ठेवायची, वायरला बांधलेला गोळा आत सोडायचा आणि प्रत्येक वितीला आकडा वाचायचा. गेली नऊ वर्षं असंच चाललंय. आज पेटीचा काटा मेला. दुरुस्तीला दीड महिना.

साहेब म्हणाले, "मग काय झालं? यंदाच्या रकान्यात गेल्या वर्षीचा आकडा टाका. फरक कितीसा पडणार?"

मी हो म्हटलं आणि बाहेर आलो. पण हे माझ्याने व्हायचं नाही. जो आकडा मोजला नाही तो लिहायचा कसा? जुनी पद्धत आहेच की. गिरमिटाने माती काढायची, डबीत भरून वजन करायचं, भट्टीत एक दिवस वाळवायची, परत वजन करायचं. जेवढं वजन घटलं तेवढं पाणी. कष्टाचं काम आहे, पण साहेबांना पुस्तिकेसाठी ताजे आकडे मिळाले तर ते खूशच होतील. त्यांना सांगितलं नाही. एकदम नेऊन देईन.

१५ सप्टेंबर

तीन दिवसांत चोवीस वाफे. प्रत्येकी सहा वेगवेगळ्या खोलीवरची माती. नळीला धक्का नको म्हणून नळीपासून पाच पावलं लांब गिरमिट मारलं. दोन्ही तळव्यांना फोड आलेत. वय एक्कावन्न. बायकोने तेल लावलं आणि विचारलं, साहेबांच्या हाताला किती फोड आले. बायकांना विज्ञान कळत नाही असं नाही, पण बोलायचं एक सोडत नाहीत.

१७ सप्टेंबर

आकडे चुकलेत. पड वाफ्यांत ऐंशी मिलिमीटर जास्त यायला हवेत, आलेत अठरा.

अठरा म्हणजे एका बऱ्या सरीचं पाणी. अठरासाठी कोणी वर्षभराचं पीक सोडत नाही.

प्रयोगशाळेच्या बाईंना चार शब्द सुनावले. भट्टी त्यांच्या ताब्यात असते. म्हटलं, तुम्ही पिकाच्या वाफ्यांच्या डब्या लवकर काढल्या असणार, त्यात ओल राहिली. बाई माझ्याहून दोन वर्षांनी लहान आहेत, पण नोकरीत मला सीनियर. त्या म्हणाल्या, "उद्या सकाळी या. तुमच्यासमोर काढते."

१८ सप्टेंबर

बाईंनी सगळ्या डब्या परत भट्टीत घातल्या होत्या, अजून एक दिवस. माझ्यासमोर एकशे चव्वेचाळीस डब्यांचं वजन केलं. पाणी प्यायलाही उठल्या नाहीत. एकाही डबीचं वजन हललं नाही. अठराच.

माफी मागितली. त्या म्हणाल्या, "माफी राहू द्या, मिलिमीटरराव. सहा वर्षांपूर्वी मी आपल्या हौसेने अशीच पडताळणी केली होती. तेव्हा वीस आले होते. साहेबांनी ती वही बघायला म्हणून मागून घेतली, परत दिली नाही. दुसऱ्या दिवसापासून भट्टीची कामं बंद."

साहेबांच्या टेबलावर कागद हरवतात हे खरं आहे. एवढा पसारा असतो. पण वीस कसे आले?

२३ सप्टेंबर

पाच दिवस लिहिलं नाही. लिहिण्यासारखं होतं, हात धजला नाही.

आज दुपारी सगळे जेवायला गेल्यावर बादली घेऊन पड वाफ्यावर गेलो. नळीभोवती एक तांब्या पाणी ओतलं. जमीन इतकी तापलेली, पाणी वरच्या वर पसरून वाळायला हवं होतं. ते नळीच्या कडेने गुडगुड आवाज करत सरळ खाली गेलं. दुसरा तांब्या, तिसरा, सगळी बादली. नळीच्या भोवती पोकळी आहे, करंगळी जाईल एवढी. नऊ वर्षं प्रत्येक पाऊस त्या पोकळीतून खाली उतरला, आणि पेटीने नळीलगतची तेवढीच ओली माती मोजली. वाफा कोरडा, नळीभोवती ओल. पिकाच्या वाफ्यावर जाऊन हेच केलं. तिथे नळी मातीत घट्ट आहे, पाणी वरच थांबलं.

आणि मला आठवलं. आठवलं कसलं, विसरलोच नव्हतो, फक्त कधी काढून पाहिलं नव्हतं. पिकाच्या बारा नळ्या आधी बसवल्या, गिरमिटाच्या लहान पात्याने. मग ते पातं मोडलं. दुसरं यायला महिना लागणार होता आणि साहेबांना उद्घाटनाची तारीख गाठायची होती. मी मोठ्या पात्याने भोकं पाडली, नळ्या सोडल्या आणि फट चाळलेल्या मातीने बुजवली. ठोकून ठोकून बुजवली. मला वाटलं, बसेल. ती बसली नाही, पहिल्या पावसात वाहून गेली असणार. ते बाराही वाफे पडीचे होते.

चूक साहेबांची नाही, पेटीची नाही, बाईंची तर नाहीच. माझी आहे. ज्या माणसाला मिलिमीटर म्हणतात त्याची.

२४ सप्टेंबर

रजा टाकली. पोट बिघडलं असं लिहिलं, ते खोटंही नाही. केंद्राच्या आवारातल्या आमच्या क्वार्टरच्या खिडकीतून चोवीसही वाफे दिसतात. बायकोला म्हटलं पडदा लाव. ती म्हणाली, पडदा धुवायला टाकलाय.

२७ सप्टेंबर

साहेबांना सांगितलं. सगळं, पात्यासकट.

ते रागावतील असं धरून गेलो होतो. त्यांनी चहा मागवला. शांतपणे ऐकून घेतलं. मग कपाटातून ती नोंदवही काढली आणि माझ्यासमोर उघडी ठेवली.

"नळ्या बसवल्या कोणी?"

"मी."

"मोठ्या पात्याची नोंद कुठे आहे यात?"

नव्हती. "सही कोणाची?" साहेबांनी विचारलं.

माझी, चोवीस पानांवर.

"मी तुमच्या सहीवर विश्वास ठेवला," साहेब म्हणाले. "उद्या हे बाहेर गेलं तर विचारणार कोणाला? मला वाईट तुमचंच वाटतं. नऊ वर्षं राहिली तुमच्या निवृत्तीला. पेटी दुरुस्त होऊन येऊ द्या, मग निवांत बघू. पुस्तिका छापून तयार आहे. आणि हे भट्टीचं तुम्हाला कोणी सांगितलं होतं करायला?"

कोणीच नव्हतं सांगितलं.

खरं तर ते मला वाचवतायत. ओरडले नाहीत, लेखी मागितलं नाही. तरी बाहेर आल्यावर मी दारातच उभा राहिलो. चहा तसाच राहिला होता, आत जाऊन पिऊन यावा की काय तेही सुचेना.

१ ऑक्टोबर

बायकोला सांगितलं. ती कणीक मळत होती, मळतच राहिली. शेवटी म्हणाली, "ज्या दिवशी कव्हरवर नाव आलं त्याच दिवशी माझ्या मनात आलं होतं. या माणसाने सव्वीस वर्षांत तुम्हाला कधी खुर्ची दिली नाही."

मी म्हटलं, साहेब तसे चांगले आहेत.

"असतील. दादांना कधी सांगणार?"

मी म्हटलं, पेटी येऊ दे. तिने हात धुतले आणि बाहेर निघून गेली. कणीक तशीच परातीत राहिली.

दोन्ही बाजूंनी विचार करून पाहिला. बोललो तर नोकरी जाईल किंवा चौकशी लागेल, क्वार्टर सोडावं लागेल, सव्वीस वर्षांची अब्रू धुळीला मिळेल. न बोललो तर त्या पुस्तिकेच्या हजार प्रती जातील, माझं नाव बघून माणसं जमिनी पड टाकत राहतील. बाहेर पडायला जागाच दिसत नाही. सकाळी उठतो तर खिडकीत वाफे, कार्यालयात गेलो तर टेबलावर पुस्तिकेचे गठ्ठे. मला भीती वाटते. एवढं सरळ या वहीत तरी लिहितो.

५ ऑक्टोबर

निमंत्रणपत्रिका आल्या. दादाचा उल्लेख तिसऱ्या ओळीत, ‘आमच्या शिफारशीचे जिवंत उदाहरण’. साहेबांनी वीस पत्रिका माझ्या हातात दिल्या, दादाच्या गावात वाटायला. त्या मी कपाटात साड्यांखाली ठेवल्या. बायकोने काढून टेबलावर ठेवल्या. मी परत आत ठेवल्या. ती परत काढते.

९ ऑक्टोबर

दादाचा फोन. दरवर्षी पेरणीच्या आधी येतो. एक बाजू गेल्या वर्षी पेरली म्हणजे यंदा दुसरी, हे शेंबड्या पोरालाही कळेल. तरी तो विचारतो आणि मी सांगितल्याशिवाय पेरणीयंत्र जोडत नाही.

"यंदा कुठली बाजू रे?"

आता सांगायचं, असं मनात घोकत होतो. तो वाट बघत होता. मागे वहिनीचा आवाज, नातीचं रडणं.

"पूर्वेची," मी म्हटलं.

"बरं," दादा म्हणाला. पण लगेच फोन ठेवला नाही. म्हणाला, "तब्येत बरी आहे ना तुझी? आवाज बसलाय." मी म्हटलं, धूळ आहे. तो म्हणाला, "हो, यंदा धूळ फार."

माझी मला लाज वाटली. वयाच्या एक्कावन्नाव्या वर्षी भावाशी खोटं बोललो, तेही त्याने तब्येत विचारल्यावर.

१२ ऑक्टोबर

पुतण्या गेला. शहरात एका गोदामात काम मिळालं. बायको-मुलीलाही घेऊन गेला. वहिनीने फोनवर बायकोला सांगितलं. वहिनी रडत नव्हती म्हणे, नातीचे कपडे मोजत होती, कुठले राहिले आणि कुठले नेले.

मग बायकोने मला जे सांगितलं ते ती गेली कित्येक वर्षं पोटात ठेवून होती. निम्म्यात दुप्पट कधीच पिकलं नाही. पहिल्या वर्षी पाऊस चांगला होता म्हणून पिकलं, मग नाही. वहिनीचा हात आखडता नव्हता. पोतं अर्धं होतं कारण घरातच तेवढं होतं. त्यातलं अर्धं ती आम्हाला देत होती.

"मला का नाही सांगितलंस?"

"वहिनींनी शपथ घातली होती. म्हणाल्या, भाऊजींना वाईट वाटेल."

१५ ऑक्टोबर

सकाळच्या गाडीने दादाकडे गेलो. रजेचा अर्ज दिला नाही, सव्वीस वर्षांत पहिल्यांदा.

दादा शेताच्या बांधावर बसून पेरणीयंत्राच्या नळ्या साफ करत होता. एकटाच होता. ते काम दोघांचं असतं. मी शेजारी बसलो आणि एक नळी हातात घेतली. उद्या सत्काराला घालायचा सदरा इस्त्रीला दिलाय, असं तो सांगत होता. मी त्याला मध्येच थांबवलं.

सगळं सांगितलं. पातं, फट, बादली, अठरा. साहेब आणि सह्या. फोनवर खोटं बोललो तेही. त्याच्याकडे बघून बोलता आलं नाही, हातातल्या नळीकडे बघत बोललो. माझं संपलं तेव्हा तो उठून घराकडे चालू लागला. मला वाटलं, संपलं, भाऊ तुटला.

तो दाराआडची सळई घेऊन परत आला.

"दाब," म्हणाला.

पूर्वेच्या बाजूला दाबली. वर्षभर पड ठेवलेली जमीन. सळई सरसर गेली आणि थांबली. ती उपसून दादाने मण्यापासून मातीच्या खुणेपर्यंत हात लावून मोजलं. दीड हात. मग पश्चिमेला, जिथला गहू गेल्या हंगामात काढला होता. तिथे थांबली सव्वा हातावर.

"पाव हात," दादा म्हणाला. "वर्षभर जमीन बसवून ठेवायची, त्याला पाव हात ओल. बाकीचं ऊन पितं."

मला कळेना तो आत्ता मोजून सांगतोय की काय. म्हटलं, "तुला कधीपासून माहिती?"

"चौथ्या वर्षापासून. दरवर्षी पेरणीआधी बघतो. कधी पाव हात, कधी तेवढीही नाही."

"मग दोन्ही बाजू पेरल्या का नाहीस?"

तो सळईच्या मण्याची माती अंगठ्याने पुसत होता. "गावात सगळ्यांना मी सांगितलं होतं, माझा भाऊ मोजतो, भावाने सांगितलंय. मीच पेरलं असतं तर लोक काय म्हणाले असते? सख्ख्या भावाचाच भरवसा नाही." पुढे म्हणाला, "पोराचं आणि माझं याच्यावरूनच वाजायचं. तो म्हणायचा काकाला सांगा, नाहीतर मी सांगतो. मी त्याला शपथ घालून गप्प बसवला. म्हटलं, काका मापाचा माणूस आहे. चुकलं असेल तर एक दिवस स्वतः येऊन सांगेल. तोवर थांब." त्याने बांधाच्या पलीकडे, रस्त्याकडे पाहिलं. "तो पाच वर्षं थांबला. अजून तीन दिवस थांबायला हवा होता."

मी बांधावर बसलो आणि रडलो. मोठ्याने. दादाने रडू दिलं. पाठीवरून हात वगैरे फिरवला नाही, त्याला ते जमत नाही. मी गप्प झाल्यावर त्याने पेरणीयंत्राची शेवटची नळी बसवली, हात झटकले आणि दरवर्षी विचारतो त्याच आवाजात विचारलं,

"मग यंदा कुठली बाजू?"

"दोन्ही," मी म्हटलं.

१६ ऑक्टोबर

उजाडता पेरणी सुरू केली. दादा ट्रॅक्टरवर, मी मागे फळीवर उभा राहून दाणे नीट पडतात का बघत होतो. हे पुतण्याचं काम. मला तोल सांभाळता येत नव्हता, दोनदा पडता पडता वाचलो. दादा मागे न बघता म्हणाला, "मिलिमीटर, सरळ उभा राहा."

दहा वाजता प्रकाशन होतं. दहा ते अकरा केंद्रातून सात वेळा फोन वाजला. मग एकदा बाईंचा संदेश आला. व्यासपीठावर दोन खुर्च्या रिकाम्या होत्या, साहेबांनी सांगितलं की दोघा भावांची तब्येत बिघडली आहे. टाळ्या झाल्या. प्रत्येकाला एकेक प्रत दिली. माझं नाव घेऊन हजार पुस्तिका गेल्या त्या गेल्याच, आज दोन्ही बाजू पेरल्या तरी.

दुपारी बांधावर बसून पत्र लिहिलं, तीन पानं. मोठ्या पात्याची नोंद, तारखेसह. खरी तारीख घातली. साहेबांच्या हातात देणार नाही, आवक विभागात देऊन शिक्का मारून घेणार. बाईंना विचारलं, त्या त्यांच्या सहा वर्षांपूर्वीच्या वीसच्या आकड्याबद्दल लिहून द्यायला तयार आहेत. त्यापुढचं माझ्या हातात नाही. चौकशी लागेल, आणि ती नोंदवही माझ्याच सह्यांनी भरलेली आहे. साहेबांनी सप्टेंबरातच का घेतल्या त्या, हे काल रस्त्यात कधीतरी लक्षात आलं. बायकोला फोन केला. तिने क्वार्टरमधली भांडी बांधायला घेतली आहेत. मी म्हटलं, इतकी घाई नको. ती म्हणाली, "पडदा तेवढा काढत नाही. तुम्हाला वाफे बघायचे नसतील."

पुतण्याला कोणी फोन करायचा यावर वहिनीचं आणि दादाचं चाललंय. दादा म्हणतो, भाऊच करेल. करेन. काय बोलायचं ते अजून जुळत नाही. माझ्या धीराच्या गोष्टी त्याने ऐकून घेतल्या होत्या आणि मुलीला उचलून आत गेला होता.

पश्चिमेची बाजू अंधार पडायच्या आधी उरकली. यंत्र सोडल्यावर दादाने मला परत सळई दिली, दोन्ही बाजूंना मी दाबली आणि त्याने हात लावून मोजलं. म्हणाला, तुझ्या वहीत लिहून ठेव, पुढच्या वर्षी ताडून बघू. पुढच्या वर्षी मी कुठे असेन ते मला माहीत नाही, पण लिहितो.

१६ ऑक्टोबर, पेरणीच्या दिवशी. पूर्व बाजू, दीड हात. पश्चिम बाजू, सव्वा हात. मोजणारा, दादा. खाली सही माझी.